सुमिएसानचा शेगड्या

इवाबुची सुमिएसान आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, बरोबर माझ्या डोक्यावर. एका शाळेच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं त्यांनी रोज चारशे मुलांचं जेवण रांधलं. तांदळाला हात लावायच्या आधीच त्यांना माप कळतं. ताटात कुणी टाकलेलं त्यांना खपत नाही, आणि कुणी रेंगाळत जेवलेलंही नाही. घंटा झाली की ताटं परत यायला हवीत, ही त्या कामाची सवय.

यासुफुमी त्यांचा एकुलता एक मुलगा. नवरा फार आधी गेलेला. यासुफुमी पार्सलच्या गोदामात कामाला होता. तिथे मनगटाला एक यंत्र बांधतात आणि तासाला किती खोकी उचलली ते त्यावर दिसत राहतं. यासुफुमीचा आकडा कायम तळाशी. जिन्यात भेटला तरी दोन पायऱ्या उतरायला त्याला एवढा वेळ लागायचा, की आपणच बाजूला होऊन त्याला वाट करून द्यायची. वर्षअखेरच्या भेटवस्तूंची गर्दी होती तेव्हा, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, सकाळच्या पाळीला तो खोक्यांच्या रांगेतच खाली बसला आणि उठला नाही. एकोणतीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात त्याच्या फोनवर तिसेक अनोळखी माणसांचे निरोप आले. सगळे ‘होशिगाकी’ नावाच्या कुणासाठी रडत होते. आमच्याकडे काकी नावाचं केशरी फळ वळचणीला टांगून सुकवतात, त्याला होशिगाकी म्हणतात. आपला मुलगा जगात कुठेतरी ह्या नावाने ओळखला जात होता, हे सुमिएसानना तेव्हा कळलं.

तो खेळत होता तो खेळ इथे शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. अंड्यातून राक्षसी प्राणी काढायचे, वाढवायचे, सहांचा संघ बांधायचा आणि दुसऱ्याच्या सहांशी भिडायचं. हंगाम संपला की वर आलेले खेळाडू आपला संघ कसा बांधला त्याचा लेख लिहून सगळ्यांसमोर ठेवतात. ही तिथली रीत. यासुफुमीने असे अकरा लेख लिहिले होते, आणि अकराही उन्हाच्या संघावर.

ते लेख मीच सुमिएसानना मोठ्या अक्षरांत छापून दिले. एका लेखात त्याने लिहिलं होतं, ‘ऊन आणणं सोपं आहे. ते टिकवायला संघ लागतो.’ मैदानात ऊन पडलं की आगीचे वार दीडपट होतात, पाण्याचे निम्मे. त्याच्या संघातली एक वेल उन्हात दुप्पट वेगाने धावते. एक काजवा एरवी एक फेरी उजेड साठवतो तेव्हा कुठे त्याचा वार सुटतो, उन्हात तो लगेच सुटतो. पण हे ऊन पाच फेऱ्यांचंच. आणणाऱ्याच्या हाती तापलेला दगड दिला तर आठ. आणि समोरच्याने पाऊस आणला की सगळंच ओम फस. म्हणून सहापैकी दोघं मारणारे, बाकी चौघं ऊन सांभाळणारे.

ऊन आणणारा म्हणजे ढेरपोट्या, आखूड पायांचा एक प्राणी, पाठीवर पेटती शेगडी घेतलेला. त्याचं खेळातलं नाव वेगळं आहे. मी त्याला शेगड्या म्हणते.

सुमिएसान लढाया खेळत नव्हत्या. सकाळी देवघरात मुलाच्या फोटोपुढे भात ठेवायच्या, उदबत्ती मोडून राखेत आडवी लावायच्या आणि मग त्याचं खेळाचं यंत्र उघडून सहाही जणांना घासूनपुसून खायला घालायच्या. शेगड्याचं पोट घासलं की तो डोळे मिटतो. “बघा, कसा लाडात येतो,” असं मला दाखवायच्या. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

ह्या नोव्हेंबरात बातमी आली. खेळ जुना झाला. एकतीस डिसेंबरला दुपारी बारा वाजता त्याची जोडणी बंद. त्याआधी प्राणी दुसऱ्याकडे पाठवला तर तो नव्या खेळात जाऊ शकतो. नाही पाठवला तर त्या यंत्रातच राहील, ते यंत्र चालेल तोवर.

सेकिदोसान नावाच्या माणसाने सुमिएसानना पत्र लिहिलं. कानाझावात दातांच्या कवळ्या घडवणारा, पस्तिशीचा. खेळातलं नाव ‘पन्हळ’, कारण तो सदा पावसाचा संघ बांधायचा. सात वर्षं तो होशिगाकीशी लढला होता आणि त्याला एकदाही पाहिलेलं नव्हतं. पत्रात त्याने लिहिलं होतं : ‘आई, त्याचा शेगड्या मला द्या. मी पाऊस सोडून देतो. पुढच्या खेळात त्याचा उन्हाचा संघ मी चालवीन. प्राण्यावर पहिल्या मालकाचं नाव कोरलेलं असतं, ते कधी पुसलं जात नाही. प्रत्येक लढाईत समोरच्याला ते नाव दिसेल.’

सुमिएसानांनी ते पत्र देवघरात ठेवलं. “नाव राहील,” एवढंच मला म्हणाल्या. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा बाजारातून स्वतःसाठी काही आणताना पाहिलं. एक करडा स्वेटर.

वर्षश्राद्ध सात डिसेंबरच्या रविवारी ठरलं. इथे दोन वर्षं पूर्ण झाली की तिसरं म्हणतात. भटजी येऊन मंत्र म्हणून गेले. मग सेकिदोसान आले आणि त्यांच्याबरोबर मुरोई नावाची सव्वीस-सत्तावीसची मुलगी. वृद्धाश्रमात काम करणारी, होशिगाकीचे लेख वाचून उन्हाचा संघ शिकलेली. दोघं काळ्या कपड्यांत, पायांत नवे मोजे. मी चहा करायला वर गेले होते.

“इथे बायकाच जास्त असतील असं नव्हतं वाटलं मला,” सेकिदोसान बसता बसता म्हणाले.

“आल्या आल्या हेच बोलायचं असतं का?” मुरोई म्हणाली. “आई, ह्यांचं मनावर घेऊ नका. दिवसभर दातांशीच बोलतात हे.”

सुमिएसान हसल्या. ट्राउटची सुशी कापून त्यांनी प्रत्येकापुढे ठेवली, सेकिदोसानच्या ताटलीत दोन तुकडे जास्त.

“खा. हडकलेला दिसतोस.”

“आई, हे पावसात भिजून भिजून आटलेत,” मुरोई म्हणाली.

“आज रडशील तू,” सेकिदोसान म्हणाले. “माझा बगळा बघून होशिगाकीसुद्धा पाच मिनिटं विचार करायचा.”

“तो जेवायलासुद्धा पाऊण तास घ्यायचा,” सुमिएसान म्हणाल्या, आणि सगळेच हसले.

प्राणी पाठवण्याआधी एक लढाई करायची असं ठरलं होतं. यासुफुमीचं यंत्र मुरोईच्या हातात, समोर सेकिदोसान. दोघांच्या मध्ये सुमिएसान, चष्मा लावून. देवघराचं दार उघडं ठेवलेलं.

मुरोईने पहिला शेगड्या उतरवला. सेकिदोसाननी त्याच क्षणी बगळा. हा बगळा मैदानात आला की पाऊस पडतो.

शेगड्याची शेगडी भडकली, पडदा सोनेरी झाला. सुमिएसानांनी टाळी वाजवली. मग बगळ्याने पंख उघडले, काळे ढग आले आणि पाऊस लागला. तो गेला नाही.

मुरोईचा अंगठा थांबला. सेकिदोसाननी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“आधी ऊन आलं,” ते म्हणाले.

“हो.”

“आधी कसं येईल?”

मुरोईने लढाई तिथेच सोडली आणि शेगड्याचं पान उघडलं. जन्मजात गुणांचे सहा पट्टे असतात. सहाही काठोकाठ भरलेले होते. तिने एकेक पट्टा बोटाने पुन्हा मोजला. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, ह्याला काही खायला घातलंत का?”

“घातलं ना!” सुमिएसान म्हणाल्या. “परवाच. तुम्ही येणार, तो दुसऱ्याच्या घरी जाणार, म्हटलं जरा नीटनेटका करावा. बिचाऱ्याचा एक पट्टा पार रिकामा होता गं. वेगाचा. पुढे लिहिलेलं, ‘बिनकामाचं’. बाकीचे पाच भरलेले आणि हा एक उपाशी. पिशवीत सोनेरी पेंड होती, यासुने नऊ साठवून ठेवल्या होत्या. एक दिली. लगेच भरला पट्टा.”

मी चहा ओतत होते, तो ओतायची थांबले.

“तो रिकामाच हवा होता,” सेकिदोसान म्हणाले.

“सेकिदोसान,” मुरोई म्हणाली.

“कधीतरी सांगावं लागेलच.” ते सुमिएसानांकडे वळून नीट बसले. “आई, दोघं एकदम उतरले की वेगवान असतो त्याचं हवामान आधी लागतं. मंद असतो त्याचं नंतर. आणि नंतरचं टिकतं. माझा बगळा मी मंद वाढवलाय. होशिगाकीचा शेगड्या त्याहून मंद होता. ह्याहून मंद असूच शकत नाही, एवढा. म्हणून सात वर्षं माझा पाऊस पुसला जायचा.”

“मुद्दाम मंद?”

“मुद्दाम. पाच गुण भरलेले आणि वेग शून्य, असं पिल्लू आपोआप निघत नाही. सहाशे चौदा अंडी फोडली त्याने. चार महिने. लेखात लिहिलंय.”

लेखात खरंच लिहिलेलं होतं. मीच छापून दिलं होतं. ‘वे ०, अं ६१४.’ आम्हा दोघींनाही त्याचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता.

“परत रिकामा करता येईल ना?”

“नाही येत, आई,” मुरोई म्हणाली. “पेंड परत काढता येत नाही.”

सुमिएसान उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि माशाच्या वड्या कापू लागल्या. आधी वाढलेल्याच अजून कुणी संपवल्या नव्हत्या. सुरीचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या त्या ताट घेऊन, आणि सेकिदोसानना म्हणाल्या, “अंडी कशी काढायची ते मला शिकव.”

सेकिदोसाननी शिकवलं. अंडं घेऊन खेळातल्या पुलावरून सायकलने फेऱ्या मारायच्या, अंडं फुटतं. पट्टे बघायचे, नको असेल तर सोडून द्यायचं, पुढचं घ्यायचं. यंत्र यासुफुमीचं, म्हणून पिल्लावर नाव त्याचंच उमटेल. “एकतीस तारखेपर्यंत निघालं तर मला पाठवा,” ते म्हणाले. गाडीची वेळ झाली होती. दारात त्यांनी फार खाली वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवसापासून सुमिएसान पुलावरून फेऱ्या मारू लागल्या. सकाळी न्याहारी झाली की बसायच्या. दुपारी मी भाजीचा डबा घेऊन जायचे तेव्हा त्याच जागी, उजव्या अंगठ्याला पट्टी. शेजारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाच-पाचच्या रेघा. बाहेर बर्फ, घरात दोरीवर ओले कपडे, आणि यंत्रातून तेच एक सायकलचं गाणं. नव्वद, दोनशे, तीनशे चाळीस.

“थोडं थांबा,” मी म्हणाले. “हात गेला कामातून.”

“गोदामात त्याला तासाला दोनशेचं माप होतं,” त्या म्हणाल्या. नजर पडद्यावरच. “तो एकशे चाळीसच्या वर जात नसे. मी रोज डबा देताना सांगायचे, जरा हात चालव, बाकीच्यांना जमतं ते तुलाच का नाही. शेवटच्या महिन्यात एकशे नव्वदपर्यंत नेला होता त्याने. मला येऊन सांगितलं. मी त्या दिवशी लाल भात केला, आनंदाच्या दिवशी करतात तो.”

मी डबा खाली ठेवला. त्यांनी अंडं फोडलं, पट्टे पाहिले, सोडून दिलं.

सव्वीस डिसेंबरला सकाळी त्यांनी माझ्या घरात उतरणाऱ्या पाइपवर दोनदा टकटक केली. मी धावत वर गेले. पाचशे सत्तावन्नावं अंडं. पाच पट्टे काठोकाठ, सहावा रिकामा. ‘बिनकामाचं’. खाली नाव, होशिगाकी. मी त्यांना मिठी मारली. त्या लाकडासारख्या उभ्या.

“आता पाठवा,” मी म्हणाले. “लगेच पाठवा.”

“हे काय लिहिलंय?” त्यांनी बोट ठेवलं. नावाच्या खाली आणखी एक ओळ असते, ती मी पाहिली नव्हती. अंडं फुटल्याची तारीख. ह्या वर्षीची, सव्वीस डिसेंबर.

“ते कोण बघतंय?”

“मी बघतेय ना.”

पाच दिवस त्यांनी काही केलं नाही. मुरोईचा फोन आला, तिला म्हणाल्या, अजून निघालं नाही. सेकिदोसानचा आला, त्यांनाही तेच. मी खोटं उघड केलं नाही. मला वाटत होतं, शेवटच्या दिवशी त्यांचं मन वळेल.

एकतीसला सकाळी इथे सगळ्या घरांत नव्या वर्षाचं रांधणं चालू असतं. काळ्या सोयाबीनचा वास जिन्यात भरलेला. साडेअकराला मी वर गेले तेव्हा पाठवून झालं होतं. पाच मिनिटांतच सेकिदोसानचा फोन आला. सुमिएसानांनी तो मला ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“आई, मिळाला. पण चुकून जुनाच आलाय. पेंड घातलेला.”

“चुकून नाही.”

“नवा निघाला नाही का?”

“निघालाय. तुझ्या बगळ्याहून मंद आहे.”

“मग तो पाठवा. वीस-पंचवीस मिनिटं आहेत अजून. आई, हा लढाईत चालणार नाही. ह्याला घेऊन मी संघ बांधूच शकत नाही. पेटीत पडून राहील हा. नावही कुणाला दिसणार नाही.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“तुझ्याकडे आहे तो त्याने काढलेला आहे. नव्याच्या तारखेला माझा मुलगा कुठेच नव्हता. त्याच्यावर यासुचं नाव टाकून तुला देणं मला जमणार नाही.” त्या थांबल्या. “आणि तो मी बिघडवलाय. तेही त्याच्याबरोबर जाऊ दे.”

“सात वर्षं ज्याच्यापुढे हरलो तो हा नाही, आई.”

“नाही.”

सेकिदोसान बारापर्यंत फोनवर होते. एकदा म्हणाले, अजून अकरा मिनिटं आहेत. एकदा म्हणाले, चार. सुमिएसान समोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बारा वाजले. पडद्यावर एक पाटी आली, जोडणी संपल्याची आणि आजवर खेळल्याबद्दल आभाराची. सेकिदोसान म्हणाले, “ठेवतो,” आणि फोन ठेवला. नव्या खेळात ते पावसाचाच संघ चालवतात, असं मुरोईकडून कळलं.

तो मंद शेगड्या इथे वरच आहे. सुमिएसान रोज सकाळी यंत्र उघडून त्याला बघतात, पाठ पोट घासतात. खायला काही घालत नाहीत.