शंभरातले शहाण्णव

पुनर्वसन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर एक घर होतं आणि त्या घरात कोणीच राहत नव्हतं. एक पलंग, एक कपाट, चार कपांचं स्वयंपाकघर आणि कडेला तीन पायऱ्यांचा जिना. चढून गेलं की समोर भिंत. खिडकीची काच दुधी होती, त्यामुळे बाहेर सकाळ असो की दुपार कलत असो, आत तोच एक मऊ, न हलणारा उजेड. डोक्याला मार लागलेली माणसं तिथं पुन्हा शर्टाची बटणं लावायला, चहा करायला, पायरी चढायला शिकत. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर कागद घेऊन, ती बसलेली असे. पेशंट तिला मोजणीबाई म्हणत.

बावीस वर्षं तिनं हेच केलं होतं. हाताला काम शिकवायचं आणि शिकलेलं मोजायचं. वीस कामं, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण शंभर. त्या दुधी उजेडात बसून बसून तिला कधी कधी वाटे, आपण अजून जागे झालोच नाही आहोत. कोणाच्या तरी स्वप्नातल्या घरात बसून कोण किती उठलंय ते लिहितोय. घरी थोरली बहीण चहा गाळायला लागली की हिच्या मनात आपोआप आकडा उमटे.

"किती दिलेस?" बहीण विचारी.

"चार. बाहेर सांडलास."

"मेली, कप तूच हलवलास!"

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी एक नवंच काढलं. "आपण इतकी वर्षं माणसं मोजतोय," ते म्हणाले, "पण आपली ही पट्टी सरळ आहे का, ते कोणी मोजलंय?" मग ठरलं. प्रत्येक पेशंटला दोघींनी मोजायचं, मोजणीबाईनं आणि दुसऱ्या वॉर्डातल्या चष्मेवालीनं. वेगवेगळे कागद, मधे बोलायचं नाही. चाळीस पेशंट झाले आणि आकडे असे जुळले की डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "काटा कसा! तोळाभराचा फरक नाही!"

मोजणीबाई त्या दिवशी हवेत तरंगत घरी आली. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. ती तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली.

"दोन पोरींची उत्तरं तंतोतंत जुळली ना," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तर मी शाबासकी नाही द्यायचे. आधी बघायचे, दोघींनी एकच चूक केली आहे का."

मोजणीबाई हसली. पण जेवताना ते वाक्य खड्यासारखं दाताखाली येत राहिलं.

एकेचाळिसावा पेशंट म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या, कारखान्यांच्या भिंती रंगवायचा. शिडीवरून पडला, मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला आणि त्याच्यासाठी जगाची डावी बाजूच पुसली गेली. डोळे शाबूत, पण डावीकडे काही असतं हेच मन विसरलेलं. तीन महिने तो त्या घरात शिकला. आता किटली घ्यायचा, कप घ्यायचा, साखर, गॅस, एकेक हालचाल अशी की पाण्यात मासा. मोजणीबाईच्या कागदावर शहाण्णव. चष्मेवालीच्या कागदावरही शहाण्णव. कामावर जायला हरकत नाही, असं पत्र तयार झालं. सोमवारी एका कारखान्याची भिंत होती, तीस फूट उंच.

"मोजणीबाई," तो म्हणाला, "चार गुण कुठं कापलेत, ते नाही विचारत. भिंत झाली की बघायला या."

बहिणीचं ते वाक्य काही सुटेना, म्हणून गुरुवारी दुपारी तिनं रजा टाकली आणि त्याच्या घरी गेली. नियमात नव्हतं. दार पेंटरच्या बायकोनं उघडलं. घर लहान, पण काहीतरी विचित्र होतं, आणि ते काय हे कळायला तिला चार घोट पाणी प्यावं लागलं. कपाट, खुर्ची, टॉवेल, चपला, घड्याळ, सगळं खोलीच्या एकाच बाजूला गोळा झालेलं. वादळात कललेल्या नावेसारखं.

"वहिनी, हे असं का?"

"डावीकडचं त्यांना सापडत नाही. मग सगळं इकडे आणलं. रोजची कटकट नको." ती सहज बोलली. "दाढीसुद्धा उजव्या गालाची करतात. डाव्या गालावर मी हात फिरवते. म्हणतात, कशाला, झाली की!"

पेंटर जेवत होता. ताटातलं उजवीकडचं संपलं तसं त्यानं हात थांबवला, तृप्त चेहऱ्यानं. बायकोनं बोलता बोलता ताट अर्धं फिरवलं. तो पुन्हा जेवायला लागला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंतीला एक नवी पाटी टेकवून ठेवली होती. अक्षरं सुरेख, पण सगळी उजव्या कडेला दाटीवाटीनं उभी, आणि डावीकडे हातभर कोरा पांढरा पत्रा.

"इथं चित्र येणार आहे का?" तिनं विचारलं.

"कुठं?" पेंटर म्हणाला. "पाटी पूर्ण आहे."

त्या पांढऱ्या पत्र्याकडे बघताना तिला वाटलं, बावीस वर्षं आपणही एका कोऱ्या जागेसमोर बसून पूर्ण गुण देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, तिनं तिसऱ्या मजल्यावरचं घर उलटं केलं. किटली डावीकडे, कप डावीकडे, साखर गॅसच्या पलीकडे. डॉक्टरांना आणि चष्मेवालीला बोलावलं, आणि शेवटचं एकदा बघू, म्हणून पेंटरला. तो हसत आत आला. ओट्यापाशी गेला. हात सवयीनं पुढे झाला आणि हवेत राहिला. हवेत किटली धरली असावी तसा. त्यानं शोधलं. मग पुन्हा शोधलं. किटली त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. दुधी उजेडात तो बराच वेळ तसाच उभा होता.

"बाई, तुम्ही माझं घर फिरवलंत," तो शेवटी म्हणाला.

"हे तुमचं घर नाही, दादा," ती म्हणाली. "इथल्या वस्तू तुम्हाला पाठ झाल्या होत्या. आम्ही पाठांतर मोजत होतो."

"सोमवारची भिंत?"

"शिडीचा डावा पाय जमिनीवर आहे की खड्ड्यात, हे तुम्हाला दिसणार नाही."

तो तिला वाटेल ते बोलला. विश्वासघातकी म्हणाला, मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नव्या कागदावर एकाहत्तर लिहिताना तिला पेन जड झालं होतं. डॉक्टरांनी कामावर जायचं ते पत्र फाडलं. मग म्हणाले, "आधीचे चाळीस पुन्हा बघायला लागतील. त्यांच्या त्यांच्या घरी."

मोजणीबाई आणि चष्मेवाली घरोघर हिंडल्या. पूर्ण गुण मिळवलेली एक बाई घराबाहेर पाऊल टाकत नव्हती. स्वयंपाकात शून्य मिळालेला एक गृहस्थ मजेत होता. त्यानं जन्मात कधी चूल पेटवलीच नव्हती. अहवालात डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं: दोन परीक्षकांचं एकमत उत्तम, घरातल्या जगण्याशी मेळ बेताचाच. कौतुकाची अपेक्षा होती तिथं सभेत थोडी कुजबुज झाली. पण तक्त्यात एक नवी ओळ आली: अनोळखी जागेत काय होतं?

पेंटर दोन आठवडे आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात बायको त्याला घेऊन आली. पुढचे पाच महिने रोज निराळी मांडणी, डाव्या कडेला लाल पट्टी आणि एकच धडा: आधी लाल शोधायचं, मग काम. शिडीवर तो पुन्हा चढला नाही. शिडीवर आता मेहुणा असतो; पेंटर खाली टेबलावर पाट्या रंगवतो.

एकदा जाता जाता मोजणीबाई त्याच्या दुकानाच्या दारात थांबली. त्यानं तिला पाहिलं नव्हतं. कोरा पत्रा समोर, हातात कुंचला. पहिलं अक्षर टेकवायच्या आधी त्यानं मान अगदी हळू डावीकडे वळवली आणि तसाच थांबला. जणू त्या बाजूनं कोणी लांबून हाक मारली होती आणि ती नीट ऐकल्याशिवाय त्याला सुरुवात करायची नव्हती.

"डावीकडची हाक रोज ऐकू येते का?" तिनं विचारलं.

"रोज नाही," तो न दचकता म्हणाला. "पण वाट बघतो."