पाच पास झालेल्या

सून मनीषा परीक्षेला बसली तेव्हा मी अंबाजोगाईच्या देवीला नवस बोलले होते, "आई, ती पास होऊ दे. डेअरीच्या पैशातून शिकून पास झालेल्या पाच बायका जेवू घालीन." सवाष्णी तर नेहमीच जेवतात. म्हटलं, काम शिक्षणाचं, तर पाटावरही शिकलेल्याच हव्यात. अशा पाच जणी केजच्या त्या दूध डेअरीत आहेत का, हे काही मोजलं नव्हतं! नवस फिटायला तीन वर्षं लागली, आणि तोवर किस्से मात्र सायीसारखे साठत गेले.

*

डेअरीच्या मालकांनी एकदा सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. "शिका. कॉलेजची फी मी भरतो. पास झालात तर माफ, नापास झालात तर पगारातून कापणार."

कुणी हात वर करेना. शेवटी टँकरवाले गफूरचाचा उठले.

"शेठ, शिकलोच न्हाई तर काय कापता?"

मालकांनी सगळ्यांना ताक सांगितलं आणि मीटिंग संपवली!

*

मनीषा तिथे लॅबमध्ये होती. डिप्लोमाची फी ऐकून आमच्या ह्यांनी फॉर्म उलटा करून पाहिला, मागे काही सूट लिहिलीय का म्हणून! मालकांनी भरली म्हणून जमलं.

पहिल्याच महिन्यात तिनं घरच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवला.

"आत्या, पाणी हाय यात."

वीस वर्षांपासूनचा आमचा गवळी दारातच उभा होता. हिरमुसून म्हणाला, "आक्का, सुनंला शिकवायचं हुतं तर आधी सांगायचं की!"

*

हिशोबाच्या टेबलावरची शबाना बी.कॉम. करत होती. तिचा आणि मनीषाचा शेवटचा पेपर बीडला एकाच दिवशी आला. मी पिशव्या सांभाळायला सोबत गेले. शबानाचा रोजा, माझी निर्जळी एकादशी. नेकनूरला जीप चहाला थांबली, आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

ड्रायव्हरनं कारण विचारलं, ऐकून मान डोलावली. "आता पोरी नापास झाल्या तर दोन्हीकडं जाब विचारावा लागंल!"

दोघी पास झाल्या. ऑफिसातल्या दोघी आधीच झाल्या होत्या. म्हणजे चार.

*

पाचवं पान अडलं होतं सरूबाईपाशी. पॅकिंगला दिवसभर उभं राहून तिचे गुडघे गेलेले. बी.ए. झाली तर सुपरवायझरची खुर्ची मिळणार होती. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी सुटेना. दोनदा फी पगारातून कापली गेली. तिसऱ्यांदा मालक म्हणाले, "ही शेवटची."

शेजारीण मला म्हणाली, "लई लांबलं. पाच सवाष्णी बसव अन् मोकळी हो." माझं मन होईना. मी रोज संध्याकाळी सरूबाईला डेअरीच्या फाटकात गाठायचे.

"झाला का अभ्यास?"

एक दिवस ती कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. "आक्का, परीक्षा माझी हाय का तुमची?"

*

झाली एकदाची पास! पुरण शिजलं, पाच पाट मांडले. देवीपुढे ठेवायला मार्कशीट आणा, असं सगळ्यांना सांगितलं होतं. चौघी बसल्या. सरूबाई मात्र पदर खोचून स्वयंपाकघरात. नवरा गेल्यापासून असल्या जेवणात ती वाढायलाच असायची.

"मी वाढते, आक्का. तुमी बसा."

"नवस पास झालेल्यांचा आहे," मी म्हटलं. "मी कुठे पास झालेय?"

ती बसली, पाटाच्या अगदी कडेला. मी कुंकवाचा करंडा उघडला. सरूबाईनं मान खाली घातली. शबानाही ताटाकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "मार्कशीट काढा."

एका टोकापासून प्रत्येकीच्या मार्कशीटला हळदकुंकू लावत गेले. सरूबाईच्या कागदावर बोट टेकणार, तोच ती ओरडली, "आक्का, इंग्रजीवर नगा! चाळीसच हायेत, मालकाला दिसले पायजेत!"

तुमच्याही घरी कुणी परीक्षेला बसणार असेल तर नवस बोला. असाच बोला.