वरून ओतलेलं औषध

तुमचं पोट दुखलं म्हणून चाळीस माणसांसमोर कुणी तुम्हाला ‘आ कर’ म्हटलंय?

मला म्हटलंय. वालीवला, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात. मॅनेजरच्या केबिनमध्ये गुलाबी औषधाची बाटली असायची. जेवणाच्या सुट्टीत पोटदुखीवाल्यांनी रांग लावायची, मान मागे टाकायची. तो वरून ओतायचा. ओठ लागता कामा नयेत. दिवसाला हजारो झाकणं काढायचो आम्ही. औषध प्यायला एक झाकण मिळत नव्हतं.

“तुम्ही कोळी लोक सुकट-मिरची हाणता आणि पोट धरून कामावर येता,” तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मी सुकट सोडली. अर्नाळ्यात, सुकट विकून मला शिकवणाऱ्या आईच्या घरात. तिनं एवढंच विचारलं, “कोन म्हनतो, आपल्या जेवनानं पोट बिघडतं?” मी ताट बाजूला सारलं. मॅनेजर शिकलेला होता ना.

दुखणं थांबेना. उपाशी पोटी जास्तच. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं. मग सरकारी दवाखाना, पोटात दुर्बीण. आतड्याच्या तोंडाशी जखम. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे तिखटाचं नाही, जठरात जंतू आहे. त्याच्यामुळे आम्ल जास्त सुटतं आणि जखम चिघळते. गुलाबी औषध तेवढ्यापुरतं आम्ल मारतं, जंतू तसाच राहतो. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. जंतू मेला की आम्ल हळूहळू ताळ्यावर येतं, जखम भरते.

वर्षभर मी त्या रांगेत होते. वर्षभर जंतू आत मजेत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं माझी गोळ्यांची पुडी काढून घेतली. कामावर ही नाटकं नकोत म्हणाला. बाटली उचलली. “आ कर.”

मी तोंड मिटलं. हात पुढे केला.

“माझी पुडी द्या. नाहीतर गेटवर बसते आणि का बसले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.”

या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं पुडी टेबलावर फेकली. मी तिथंच, त्याच्यासमोर, गोळ्या गिळल्या. चौदाही दिवस गिळल्या. आता जंतू गेला का, ते बघायला पुन्हा तपासणी आहे. रजा देवो न देवो, मी जाणार.

तुमच्या ओळखीत कुणाचं पोट रोज जळत असेल, तर त्याच्या ताटावरून बोलू नका. त्याला जंतूच्या तपासणीला घेऊन जा. साहेब त्या दिवसाची रजा नाकारत असेल, तर केबिनमध्ये त्या आजारी माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा.