भुसभुशीत माती

कोथिंबिरीच्या वाफ्यात त्या सकाळीही मांजराने उकरून ठेवलं होतं. आदल्या दिवशी पेरलेले धणे वर पडले होते आणि चारी कोपऱ्यांवरच्या निळीच्या पाण्याच्या बाटल्या उन्हात चमकत होत्या. त्यांना मांजर घाबरतं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे! आमच्या गल्लीतली मांजरं त्यांना अंग घासून जातात.

त्या बाटल्या माझ्या बायकोने ठेवलेल्या. कोथिंबीरही तिचीच हौस. ती गेल्यावर मी दोन्ही चालू ठेवलं. पाणी आटलं की पुन्हा नीळ घालायचो, वाफा उकरला गेला की पुन्हा पेरायचो.

कुंपणापलीकडून शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "भाऊ, बाटल्यांनी काही होत नाही हो. मांजराला मऊ माती लागते. तुम्ही खुरपत राहाल तोवर ते येणारच."

खुरपं हातातच राहिलं. काही उगवावं म्हणून आपण जी जागा मऊ ठेवतो, नेमकी तिथेच नखं लागतात. फरशी कोण उकरायला जातं? आणि मन तरी किती दिवस खुरपत ठेवायचं, कुणासाठी?

त्यानंतर मी वाफ्याला पाणी घातलं नाही. माती कडक झाली, तिला भेगा पडल्या. एक दिवस मांजर आलं, पंजाने जरा ओरबाडून पाहिलं आणि निघून गेलं.

आता वाफ्याकडे मांजर फिरकत नाही. मीही नाही.