डाव्या बाजूचं दार

नव्वदचं दशक सरता सरता आम्ही एक जुनी गाडी घेतली. दोन वर्षांत तिचं डावीकडचं दार खाली झुकलं. लावताना दोन्ही हातांनी वर उचलावं लागे, तरी खालची कड चौकटीला घासायचीच. दोष गाडीचा नव्हता. त्या बाजूला आई बसायची. अर्धांगवायूनं तिचं डावं अंग अधू झालं होतं. उतरताना ती उजव्या हातानं उघडं दार धरायची आणि सगळा भार त्यावर टाकून उठायची. तिचं बाहेर जाणं म्हणजे पौर्णिमेला विहारात, तेवढंच. महिनाभर ती त्या दिवसाची वाट बघायची.

मी हट्टी माणूस. गाडी मेकॅनिककडे देणं मला कमीपणाचं वाटे. कोल्हापुरात ज्याची उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याशी ओळख असते, तो स्वतःला अर्धा मिस्त्रीच समजतो. बिजागरीच्या पिनेभोवती बसणाऱ्या नळ्या, म्हणजे बुश, झिजले होते, ते पितळेत नवे करून आणले. रविवारी सकाळी अंगणात दाराखाली जॅक लावला. रंगाला चरा जाऊ नये म्हणून मध्ये फळी आणि आईच्या जुन्या लुगड्याची घडी ठेवली. भार जॅकवर घेतला, पिना ठोकून काढल्या, बुश बसवले. दुपारी दार एका बोटानं लागायला लागलं. शेजाऱ्यांना बोलावून मी ते दाखवलंसुद्धा.

आईला मात्र दम भरला. "आता दाराला धरायचं न्हाय. पुन्यांदा झुकलं तर मी न्हाय करणार."

"मग कशाला धरू?"

"सीटला रेटा दे की आन् ऊठ."



पौर्णिमेला विहारासमोर मी गाडी थांबवली, फिरून येऊन दार उघडलं आणि सवयीनं त्याची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. आईनं पाय खाली टेकवले. तिचा उजवा हात दाराकडे आला, मध्येच थांबला, मागे गेला. सीटला रेटा देऊन ती अर्धी उठली आणि डाव्या अंगावर कोसळली. पांढरी साडी मातीनं भरली. विहारातल्या बायका धावत आल्या. मी आधी दाराकडे बघितलं, कुठं लागलं तर नाही ना म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटते.

हाड मोडलं नाही, मुका मार होता. पण पुढच्या पौर्णिमेला ती गाडीत बसेना. मी विनवण्या केल्या. "दार मोडलं तर मोडू दे. पाहिजे तेवढं धर."

"नगं," ती म्हणाली. "दाराचं र्‍हाऊ दे. तू तुझा हात दिला असतास तरी झालं असतं की."

मला ते सुचलंच नव्हतं. दोन वर्षं ती दाराला धरून उठत होती, आणि मी शेजारी उभा राहून दाराकडे बघत होतो.