शेंदूर लागलेला बाण

नाशिकमध्ये आज खाजा पेंटरच्या हातचं एकही अक्षर शिल्लक नाही. शोधून दाखवा! भद्रकालीतल्या भांड्यांच्या दुकानांपासून पंचवटीतल्या रसवंत्यांपर्यंत एके काळी निम्म्या पाट्या त्याच्या होत्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘खाजा आर्ट्स’ असायचंच. मग फ्लेक्स आला. काही पाट्या फ्लेक्सखाली गेल्या, उरलेल्या दुकानांसकट गेल्या. धंदा बुडाल्याचं दुःख होतंच, पण खरी आग वेगळी होती. उभा जन्म ब्रश धरला आणि उद्या मेलो तर ‘हे खाजाचं’ म्हणून बोट दाखवायला भिंतीचा तुकडा नाही, हे त्याला सोसत नव्हतं.

अशात शेखर सर घरी आले. एका गिर्यारोहण मंडळाचे हे कारभारी. हरसूलच्या जंगलातून निघून त्र्यंबकच्या डोंगरांना वळसा घालत इगतपुरीला उतरणारी, चांगली आठवडाभराची पायवाट मंडळानं आखली होती. वाटेतल्या दगडांवर बाण रंगवायचे होते. दगडावरचा रंग! त्यावर कोण मायचा लाल फ्लेक्स लावणार? खाजानं चहा यायच्या आत होकार दिला.

“कोपऱ्यात नाव टाकलं तर चालेल ना, सर?”

“छे छे, खाजाभाई. निसर्गात जाहिरात नको.”

खाजाचं तोंड उतरलं. पण म्हणाला, नाव नाही तर नाही, बाण तरी माझे राहतील.

रंग त्यानंच ठरवला. पांढरा लांबून पाखरांच्या शिटेसारखा दिसतो, पिवळा वाळल्या गवतात हरवतो, हिरव्याचं तर नावच नको. मग केशरी. डबे पाहून त्याची बायको माजिदा हसली होती. “अजी, डोंगरातले दगड केशरी करून ठेवणार? लोक पाया पडतील!” खाजाही हसला होता. तेव्हा हसला होता.

काम देखणं झालं. प्रत्येक बाणाला त्यानं पाटीच्या अक्षराला देतात तशी काळी सावली दिली. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. सवय.

आणि मग ती दिवाळीच्या तोंडावरची सकाळ. धुकं इतकं की हातातला डबा दिसेना. एका पाड्याच्या वरच्या अंगाला वाट दोन फाट्यांत फुटत होती. खाजानं मोठासा दगड बघून डावीकडे बाण काढला आणि त्याच वाटेनं निघाला. चालता चालता पोचला कुठं, तर कुणाच्या तरी परसात, कोंबड्यांमध्ये. डोंगराची वाट उजवीकडे राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा खाजाची पाटी चुकली. रंग अजून ओला होता. आता पुसायला गेलं तर सगळा दगड माखला असता. उद्या वाळल्यावर तारेच्या ब्रशनं खरवडू, असं म्हणून त्यानं बस पकडली.

आता नेमकी दुसऱ्या दिवशी वाघबारस असावी, याला काय म्हणायचं! पाड्याचा वाघदेव म्हणजे एक लाकडी फळी, त्याच फाट्यावर उभी असायची. ती पावसाळ्यात कुजून पडली होती. सकाळी पाडा पूजेला आला आणि बघतो तर जुन्या जागेशेजारच्या दगडावर केशरी खूण! कुणी काढली, कधी काढली, काही पत्ता नाही. खाजा ब्रश घेऊन पोचला तोवर बाणावर शेंदूर चढला होता, नारळ फुटला होता आणि समोर नवसाबाई नावाची म्हातारी फतकल मारून बसली होती.

“मावशी, ही खूण मी काढलीय. चुकलीय. पुसू द्या.”

“देव पुसत्यात का रं?”

“देव नाही हो, बाण आहे!”

“तुला बाण दिसतोय. आमाला नाय दिसत.”

खाजानं हातातला तारेचा ब्रश हळूच पिशवीत सारला. समोर शेंदूर लागलेला दगड, आपलं नाव खाजा, आणि आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. नुसत्या कल्पनेनंच त्याला घाम फुटला. त्यानं शेखर सरांना फोन केला. सर म्हणाले, “तुम्ही बघा ना जरा गोडीत. आपल्याला वाद नको.” गोडीत म्हणे! गोडीत काय दगड वितळतो?

तरी त्यानं करून पाहिलं. उजव्या वाटेला रंगवायला दगडच नव्हता, नुसती माती आणि कारवी. म्हणून लाकडी पाटी रंगवून ठोकली. आठवड्यात ती कुणाच्या तरी गोठ्याच्या दाराला लागली. पाड्यातली चार माणसं गाठून बोलला; सगळे म्हणाले, नवसाबाईला विचारा. परत नवसाबाई.

“तुमच्या दारात वाट चुकलेले येतात, ते आवडतं वाटतं तुम्हाला?” खाजा एकदा तडकून म्हणाला.

“आवडतं? मेले भरदुपारी येत्यात, कोंबड्या उधळत्यात, पाणी मागत्यात. हंडे भरून भरून कंबर गेली माझी!”

“मग पुसू द्या की!”

“आन् देव? त्याचं तोंड पाड्याकडं हाय म्हणून तर बरं चाललंय आमचं.”

खाजानं कपाळावर हात मारून घेतला. भांडायला गेलेला माणूस तिचाच हंडा उचलून देऊन परत आला.

वाट सुरू झाल्यापासून माणसं चुकतच होती, आता चुकलेल्यांनी इंटरनेटवर मंडळाच्या नावानं बोंब मारली. आणि मंडळानं काय ठरवावं? सगळेच बाण काढून टाका, छापील पाट्या बसवू! एका चुकीसाठी सगळे? खाजा शेखर सरांपुढे अक्षरशः हात जोडून उभा राहिला. “सर, बाकीचा एक तरी बाण चुकलाय का, दाखवा मला.” सर मान खाली घालून म्हणाले, “मला कळतंय हो, खाजाभाई. पण बैठकीत ठरलंय.” मग जरा थांबून चाचरत म्हणाले, “खरवडायचं काम तुम्हीच कराल का?”

माजिदा संतापली. “थुंका त्या कामावर!” पण खाजा गेला. दुसरा कुणी अर्धवट ओरबाडून ठेवील, आणि ते भुताटकीसारखे अर्धे बाण लोक बघतील, हे त्याला बघवलं नसतं. तो आणि तारेचा ब्रश. सावली दिलेला एकेक बाण त्यानं आपल्या हातानं दगडावरून उतरवला. मध्येच रडू यायचं, मग त्याचाच राग यायचा, मग तो आणखी जोरात घासायचा.

शेवटी फाटा आला. सबंध डोंगरात एवढाच बाण उरला होता. चुकलेला! त्याला हात लावायची परवानगी जगात कुणाला नव्हती. नवसाबाई दगड झाडत बसली होती.

“बरा आलास. ह्याचा रंग उडालाय बघ. तूच मांडलास, आता तूच भर.”

“तोंड उजवीकडे करून देऊ?” त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

“हुता तस्साच.”

पिशवीत तळाला थोडा केशरी होता, काळाही होता. वाईट काम करता येत नाही, हाच या माणसाचा रोग. शिव्या पुटपुटत त्यानं बाण भरला, कडा साधल्या, सावली दिली. इतका देखणा बाण त्यानं आजवर काढला नव्हता.

“नाव टाक की खाली,” नवसाबाई म्हणाली. “देवळात टाकत्यात तसं.”

“चुकीच्या पाटीखाली खाजा नाव टाकत नाही, मावशी.”

इतक्यात पाठीवर पिशव्या घेतलेली पाच-सहा पोरं-पोरी वर आली. छापील पाट्या अजून छापखान्यातच होत्या. त्यांनी बाण बघितला, हात जोडले आणि सरळ डावीकडे वळली.

“ओ! तिकडे नाही! उजवीकडे जा!” खाजा ओरडला.

“काका, बाण इकडे आहे ना,” एक मुलगी हसून म्हणाली. “एवढा छान काढलाय. माहीतगारानंच काढला असणार.”

“अहो, मीच—”

पण ती उतरणीला लागली होती. खाली कोंबड्या ओरडल्या. “आली माझ्या बोकांडी,” म्हणत नवसाबाई हंड्याकडे धावली.

खाजा त्या दगडापुढे उभा राहिला. अंगाची नुसती लाही होत होती. मग त्यानं बारीक ब्रश काळ्यात बुडवला, उकिडवा बसला आणि कोपऱ्यात, पूर्वीसारखंच वळणदार, लिहिलं: ‘खाजा आर्ट्स, नाशिक’.

शिव्या तरी नावानिशी पडू देत.