व्हरांडा ठेवा, बाकी पाडा

"मॅडम, निर्लेखनाचा रिपोर्ट आज पाहिजे," साहेब फोनवर म्हणाले. निर्लेखन म्हणजे ही इमारत सरकारच्या कामाची राहिली नाही असं कागदावर लिहिणं. त्यानंतर ती पाडतात.

मी धानोऱ्याकडच्या जुन्या कचेरीत स्टुलावर चढून सागवानी वाशांत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहत होते. वाळवी नव्हती. इंग्रजांच्या काळातलं बांधकाम, चुन्यात बांधलेल्या विटांच्या हातभर जाड भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. कारभार शेजारच्या नव्या इमारतीत गेला होता, खोल्यांना कुलूप होतं.

मी पोंभुर्ण्याची, घरातली पहिली पदवीधर. शासनाने मला बांधकाम खात्यात इंजिनिअरची नोकरी देऊन इथे नेमलं, याचं मोल मला माहीत आहे. साहेबांना नाही म्हणायची मला सवय नव्हती.

बाजाराचा दिवस होता. नव्या ऑफिसात काम असलेली माणसं व्हरांड्यात बसली होती. एका म्हातारीने विचारलं, "हे पाडून राह्यले म्हंते? मंग आमी बसाव कुठी?"

"नव्या ऑफिसात खुर्च्या आहेत, आजी."

"त्या साहेबाच्या तोंडासमोर हायेत. तिथी भाकर सोडता येते का?" मग माझ्याकडे पाहून हसली. "तू बी तं रोज इथीच जेवते. एकटीच. काऊन, तुले बी खुर्ची नाई भेटली का?"

सगळे हसले. मीही हसले. त्या गावात माझ्याशी कामाशिवाय बोललेली ती पहिलीच.

मी साहेबांना फोन लावला. "सर, व्हरांडा वापरात आहे. लोक बसतात."

"लोक कुठंही बसतात. बरं, व्हरांडा ठेवा, बाकी पाडा."

"सर, व्हरांड्याचे वासे आतल्या भिंतीवर टेकलेत. भिंत पाडली की तो खाली येईल."

"मग भिंत ठेवा."

"उघडी भिंत पावसात टिकणार नाही. वर छप्पर लागेल."

"म्हणजे सगळंच ठेवा म्हणता?"

"हो, सर."

"तसंच लिहा. वाशांचं आधी."

दुरुस्तीची मंजुरी आली, तो बाजाराचा दिवस नव्हता; सांगायला व्हरांड्यात कोणीच नव्हतं. मी घरी फोन करून कचेरी वाचल्याचं सांगितलं.

"मंग त्यात आता कोण राह्यते?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले.

माणसांचं सांगून जे पटलं नाही, ते वाशांचं सांगून पटलं. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टमध्ये मी आधी वासे लिहिते, माणसं नंतर.